माणशी चार पुस्तकं

लातूर, ३ जून २०२४

ती. सिंधुताईस शिवगंगाचा सा. न. वि. वि.

नांदेडच्या कॉन्व्हेंटात दर शनिवारी आपण सिस्टरांच्या कपाटापुढे बसून पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचो. बोटाला लागलेली खळ तू माझ्या वेणीला पुसायचीस. परवा आठवलं आणि एकटीच हसले.

इथे मात्र हसण्यासारखं काही नाही. आमच्या वाचनालयात दुपारी मी बायकांना शिकवते, ती जागा क्लासच्या मुलांच्या अभ्यासिकेला द्यायची ठरलीय. आमची पुस्तकं पंधरा तारखेला रद्दीत. साठीच्या बायका शिकून कुठे नोकरीला लागणार, असं अध्यक्ष रविकिरणराव म्हणाले. सुलतानबी त्याच टेबलावर मापं लिहायला शिकली, आज शाळेचे गणवेश शिवते. मी हटणार नाही.

तुझी,
शिवगंगा

नांदेड, ७ जून

चि. शिवगंगास अनेक आशीर्वाद.

पंधरालाच तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि बाईसाहेब भांडायला उभ्या! मी चौदाला पोचते, तोवर गप्प बस. बसणार नाहीस, ठाऊक आहे. म्हणून विचारते, सभासदाला एका वेळी किती पुस्तकं घरी नेता येतात? सगळा जन्म कचेरीत काढला, नियम वाचायची खोड जात नाही.

तुझी भांडकुदळ नसलेली बहीण,
सिंधु

लातूर, ११ जून

ती. सिंधुताईस सा. न.

चार! आणि बाहेर गेलेलं पुस्तक परत आल्याशिवाय रद्दीत काढता येत नाही. काल साठ बायका रांगेत उभ्या राहिल्या. नोंदी करता करता ग्रंथपाल व्यंकटचं पेन संपलं. रविकिरणराव आले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. ते ओरडले, तशी सुलतानबी शांतपणे म्हणाली, "साहेब, कपाटं ठिवा तुमच्याकडं. वर्ग उद्यापासून माझ्या वसरीत हाय."

ज्यांना येता आलं नाही, त्यांची पुस्तकं मी त्यांच्या कार्डावर आणली आहेत. मी दवाखान्यात असताना तू एवढं कर. सोयाबीनच्या रोगांची आणि कोंबडीपालनाची चार पुस्तकं किल्लारीच्या राजकन्याबाईला दे, ती जीपने येईल. मोठ्या अक्षरांची चार रुक्मिणबाईंना. त्या एकसष्टाव्या वर्षी बाराखडीला बसल्यात, घाई करू नकोस. आणि टेबलावरचा लिफाफा रविकिरणरावांच्याच हातात द्यायचा. कार्यकारिणीच्या निवडणुकीसाठी सुलतानबीचा अर्ज आहे तो. खाली पाठिंब्याच्या साठ सह्या आहेत. अंगठा एकही नाही.

माया आहे तशीच राहू दे,
शिवगंगा