घाटावर सांगितलेला उपाय

उज्जैन, मंगळवार, संध्याकाळ

बसवत नाहीये, म्हणून लिहितोय. दुपारी राम घाटावर असाच भटकत होतो, तेवढ्यात कुत्र्याचं पिल्लू एका लहान मुलीच्या पोटरीला चावलं. बाहेरगावची माणसं, दर्शनाला आलेली. तिची आई घाबरून गेली. खूण एवढीशी, मुंगी चावल्यासारखी. मीच पुढे झालो. "कुछ नहीं दीदी, पिल्ला है, इसमें जहर नहीं होता. मिर्ची लगा दो बस." मोबाइलवर पाहिलं होतं ना! शेजारच्या कचोरीवाल्यानं मान डोलावली, मला आणखीच चेव आला. आईनं त्याच्याकडचं तिखट चोळलं, पोरगी किंचाळली. आई मला म्हणाली, "जीते रहो भैया."

घरी वहिनीला फुशारकीनं सांगितलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स. तव्यावरची पोळी जळाली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"काय केलंत हे भावोजी! पिल्लाकडूनही रेबीज होतो. साबणानं धुवायचं, लगेच सुई घ्यायची. एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही हो! रक्त आलं होतं का?"

आठवेना. खूण एवढीशी होती. पण रक्त?

धावत घाटावर गेलो, मग बसस्टँडवर. ना नाव विचारलेलं, ना गाव. कंडक्टर म्हणाला, "कौन सी बस, भैया? कितनी तो निकल गईं."

सुई तर ती आई पोरीला देणारच नाही, मीच सांगितलंय ना. आणि गावी पोचल्यावर सगळ्यांना सांगेल, उज्जैनमध्ये एक भला माणूस भेटला, त्यानं उपाय सांगितला.