मस्कतमधली माझी सुट्टी

ती. शांतलिंगदादा,

शिवप्रियाचं शरणू. मी बरी आहे, जेवण पोटभर मिळतं. आईचे गुडघे कसे आहेत?

इथं आल्यापासनं आज पहिल्यांदा सुट्टी मिळाली. मालकीण सासूला घेऊन लग्नाला गेली. जाताना म्हणाली, "अंधार पडायच्या आत फिरून ये." मग एकटीच जुनं बंदर बघितलं. डोंगरावर किल्ला, खाली लाकडी होड्या, बाजारभर लोबानाचा वास. समुद्र लई मोठा आहे, आईला सांग.

बाजारात एक कापडवाले फोनवर कानडी बोलत होते. मी तिथंच थबकले. त्यांनी "ऊर यावदु?" म्हणून गाव विचारलं. मी जळकोट म्हणाले आणि मला रडायलाच आलं. हे कापडवाले विरेशभाऊ बिदरकडचे आहेत. त्यांनी चहा पाजला, कागद दिला. हे पत्रही तेच टाकतील.

इथनं पुढचं आईला वाचून दाखवू नको.

माझा पासपोर्ट आणि मोबाईल मालकिणीच्या कपाटात असतो; तुझा नंबर पाठ न्हाय, म्हणून पत्र लिहितेय. तुझ्याशी बोलते तेव्हा ती शेजारी बसते. मुंबईत वाढलेली आहे, मराठी सगळं कळतं तिला. कराराची मुदत संपली तरी सोडत न्हाय. विरेशभाऊ म्हणाले, "दूतावासात जा." पण आज शुक्रवार, तिथं बंद. तू तिकडनं तक्रार कर.

दुसरीकडं राहायला जागा न्हाय, म्हणून माझ्याच पायानं त्या घरी परत चाललेय. फोनवर मी हसले तर खुशीत आहे असं समजू नको, दादा.

तुझी,
शिवप्रिया