तांब्यातलं शिळं पाणी

शुक्रवार, संध्याकाळ. बोळिंज.

हॉलमधल्या पामची पानं टोकाकडून करपत चालली आहेत. सुमन गेल्यापासून मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. आता महिनाभर रोज पाणी घालतोय, तरी करपतोच आहे. आज केळी द्यायला आलेली सांडोरची फिलोमिना कुंडीसमोर उकिडवी बसली. मातीवरचा पांढरा थर नखाने खरवडून म्हणाली, "काका, बोअरचं पाणी घालता ना? मीठ बसलंय. वरची माती काढा आणि नळाचं गोडं पाणी द्या, रात्रभर भरून ठेवलेलं. काकी तसंच द्यायच्या."

रात्रभर भरून ठेवलेलं! म्हणजे ओट्यावरचा तो तांब्या. सकाळी माझ्या हाती लागला की मी तो सिंकमध्ये ओतायचो. शिळं पाणी घरात ठेवू नये, ही आईची शिकवण. सुमन आतून ओरडायची, "अहो, राहू द्या ते!" तोवर मी ओतून मोकळा. कशाला ठेवतेस, हे एकदाही विचारलं नाही. तिने तरी का सांगितलं नाही? की सांगितलं होतं, आणि मीच पेपरात डोकं घालून...

वरची माती काढली. करपलेली टोकं कात्रीने कापली. मधोमध एक हिरवी सुरळी आहे, अजून न उलगडलेली. मग तांब्या भरून ओट्यावर ठेवला.

आत्ता चहाचा कप विसळायला गेलो, तर हात सवयीने तांब्याकडेच गेला. उचलला, सिंकवर तिरपाही केला. आणि तसाच उभा राहिलो, आतून कोणी ओरडतंय का ऐकत.