मत्स्यकन्येशेजारचा हललेला हात

प्रति,
मा. प्रमुख,
मध्ययुगीन शिल्पनोंदणी विभाग,
धर्मप्रांत कार्यालय

विषय : बालदेओल्मो येथील मत्स्यकन्येचे जुने फोटो रद्द न करण्याबाबत.
संदर्भ : नोंदणीकार श्री. ओनोरियो यांनी आपणांस पाठवलेले नवे फोटो.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार ओब्दुलिया रेविया या श्री. ओनोरियो यांच्या पत्नी असून लग्नापासून गावोगावच्या चर्चमध्ये शिल्पाशेजारी मोजपट्टी धरण्याचे काम करीत आल्या आहेत. बर्फातही शिडीवर चढल्या, बटाट्याचे ऑम्लेट डब्यात घालून नेले. फोटोत हात तेवढाच येतो, त्याबद्दल तक्रार नाही.

१. सान पेलायो चर्चमधील एका खांबाच्या माथ्यावर, दोन शेपट्या दोन हातांत धरून बसलेली मत्स्यकन्या कोरलेली आहे. तिच्या गालांचे वर्णन श्री. ओनोरियो नोंदीत सारखे सुधारत असतात. आधी 'भरीव' होते, मग 'भरदार', सध्या 'लोभस' आहे. अर्जदाराने केस कापले, त्याची दखल घरात अद्याप घेतली गेलेली नाही. बाई दगडाची आहे, म्हणून अर्जदाराने हे पोटात घातले.

२. वसंतात कु. लेइरे मदतनीस म्हणून रुजू झाल्या. तेव्हापासून श्री. ओनोरियो रोज दाढी करतात. मत्स्यकन्येचे सगळे फोटो त्यांनी कु. लेइरे यांच्या हाती मोजपट्टी देऊन नव्याने काढले. कारण विचारता, "अगं, तुझा हात हलतो. फोटो धूसर येतात. तिचा बघ, कसा दगडासारखा स्थिर!" असे उत्तर मिळाले. "मग जेवायलाही तिलाच वाढायला सांगा," असे अर्जदाराने त्यांना तत्काळ कळवले. अर्जदाराचा जळफळाट झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

३. हात हलतो हे खरे आहे, पण ते वयामुळे नव्हे. अगदी पहिल्या फोटोतही तो हललेलाच आहे. शिडीवर जागा अपुरी असल्याने श्री. ओनोरियो अर्जदाराच्या खांद्यावरून कॅमेरा रोखतात व त्यांचा श्वास मानेवर येतो. इतकी वर्षे झाली तरी हात हलायचा राहत नाही. ही बाब त्यांना आजवर कळवलेली नाही.

सबब, जुने फोटो रद्द करू नयेत व त्यांखाली धूसरपणाचे वरील कारण नोंदवावे. तसेच कु. लेइरे यांचा हात तसूभरही हलत नाही, याचा अर्थ श्री. ओनोरियो यांना कार्यालयामार्फत लेखी समजावून द्यावा. तोंडी सांगणे अर्जदारास जमणार नाही.

आपली नम्र, आणि मोजपट्टी न सोडलेली,
ओब्दुलिया रेविया
बालदेओल्मो, ९ नोव्हेंबर

सोबत : पहिला फोटो (हललेला). पाहून परत करावा.