चार बँडचंच पाहिजे

कळंब, ता. २४ ऑक्टोबर २००६

ती. सौ. विमलताईस,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, रजतचं जमलं! मुलगी दारव्ह्याची, शिक्षिका आहे. लग्न १७ डिसेंबरला, इथेच कळंबला. तुझा भाचा २७ नोव्हेंबरला अमेरिकेहून येतो आहे. परवा रविवारी त्याचा नेहमीसारखा फोन आला तेव्हा लग्नाचं सोडून तुमच्या फुलसावंगीच्या नव्या टॉवरचंच विचारत होता. अपेक्षाताईसाठी मोबाइल मीच आणणार, मावशीने दिग्रसला घ्यायचा नाही, असं त्याने बजावलं आहे.

अपेक्षाच्या मागच्या बाळंतपणाचं मी पत्रात लिहू नये, पण मनातून जात नाही. बूथचा फोन बंद, आणि भाऊजी जीप आणायला सायकलवर महागावला निघालेले. ते बाळ आपल्याला दिसलंही नाही. या खेपेला हातात फोन हवाच. डॉक्टरांनी कोणती तारीख दिली, कळव.

अपेक्षाला जिने चढू देऊ नकोस. लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
वच्छला

*

दिग्रस बसस्टँड, ता. ३० ऑक्टोबर

चि. सौ. वच्छला हिस अ. उ. आ.

आनंद कार्डावर मावत नाही. हे कापसाचा भाव विचारायला जिनिंगवर गेले तेवढ्यात मी कय्युमभाईंच्या जमीरकडे जाऊन सगळी चौकशी केली. रजतला रविवारी आवर्जून सांग, दोन बँडचं मुळीच चालणार नाही. चार बँडचंच पाहिजे. ठरवण्याआधी नीट विचारून घ्यायला सांग, मागून बदलता येत नाही. अपेक्षाचा सगळा जीव त्यात आहे. डॉक्टरांची तारीख १० डिसेंबर. बस लागली. नानाजींना नमस्कार.

विमल

*

कळंब, ता. ६ नोव्हेंबर

ती. सौ. विमलताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड वाचून मी हातातली परात घेऊन तशीच उभी राहिले. चार बँड? अगं, कय्युमभाईंची एक बँडपार्टी आली तरी आमच्या गल्लीतल्या खिडक्या थरथरतात. चार बँड काय चिंतामणीच्या देवळाच्या शिखरावर उभे करू? यंदा घरोघरी कापूस पडून आहे, भाव नाही. शेजारच्या रुक्माबाईने मुलीचं लग्न पुढे ढकललं. अशा वेळी आपण चार बँड वाजवत वरात काढायची? मुलाचा बाप असून नानाजी म्हणतात, एक सनई पुरे. आणि अपेक्षाचा जीव बँडमध्ये कसा अडकला? ओल्या बाळंतिणीला वरातीत नाचायचं आहे का?

त्या जमीरने तुला चांगलंच गिऱ्हाईक केलं. लहानपणी बापाच्या बँडमध्ये खुळखुळा वाजवायचा, आता मोठा व्यापारी झाला वाटतं! तरी तुझा शब्द खाली पडू नये म्हणून काल रजतला सांगितलं, मावशी चार म्हणते, पण आपण दोन बँडमध्ये भागवू. फोनबद्दल मात्र तू एक अक्षर लिहिलं नाहीस.

रागावू नकोस. धाकटी म्हणून पोटात घाल.

वच्छला

*

फुलसावंगी, ता. ९ नोव्हेंबर

चि. सौ. वच्छला हिस अ. उ. आ.

वेडे, ते बँड फोनचे! पत्र वाचून अपेक्षा इतकी हसली की मला भीती वाटली, इथेच काही होतं की काय. मग एकदम ध्यानात आलं. रजतला तू दोन सांगून बसलीस ना?

जमीरने बँडपार्टी केव्हाच सोडली. आता मोबाइल विकतो, दुरुस्त करतो. माझी घाई पाहून म्हणाला की काकू, घाई कायले करून राह्यल्या, आधी समजून घ्या. रेडिओ कितीही भारी असो, यवतमाळ स्टेशन ज्या आकड्यावर लागते तिथं काटा गेला नाही तर तो नुसता खरखरतो. फोनचंही तसंच. आपल्याकडचे टॉवर ९०० नाहीतर १८०० वर बोलतात आणि अमेरिकेचे ८५० आणि १९०० वर. तिथला साधा दोन बँडचा फोन इथे आणला तर कपाटात मांडून ठेवायले मस्त, असं म्हणून हसला मेला. चार बँडचा असेल तर त्याला चारही आकडे समजतात. आणखी एक, तिथल्या कंपनीच्या कराराचा फोन असला तर त्याला कुलूप असतं, आपलं सिम त्यात चालत नाही. तेव्हा बिनकुलपाचाच पाहिजे.

हा कागद तुमच्या फोनजवळ चिकटव. ८५०, ९००, १८००, १९००. खोक्यावर ९०० दिसलं नाही तर घ्यायचा नाही.

वच्छे, आमचाही कापूस घरातच आहे, त्यामुळे दुसरा फोन लगेच घेणं होणार नाही. जे येईल तेच. जीपवाला अब्रार महागावात असतो, जमीरचा मावसभाऊ. त्याचा नंबर मी पाठ केला आहे. पण पाठ करून काय, तो लावायचा कशावरून?

तुझ्यावर माया आहेच. आज कानही उपटावेसे वाटतात.

विमल

*

कळंब, ता. १४ नोव्हेंबर

ती. सौ. विमलताईस,
शि. सा. न. वि. वि.

कान पुढे केले आहेत, उपट. त्या रविवारी दोन बँडचं सांगितल्यावर रजत म्हणाला होता, बरं झालं आई, मी दोनवालाच घेतला. मला वाटलं किती गुणी पोरगा, अमेरिकेत बसून कय्युमभाईंना परस्पर सुपारीही देऊन टाकली!

काल तुझं पत्र आलं आणि रविवारची वाट पाहण्याचा धीर उरला नाही. आमच्या फोनवरून परदेशी लागत नाही, म्हणून नानाजींना ओढत बूथवर नेलं. लाइन खरखरत होती. नानाजी तुझा कागद हातात धरून ओरडत सुटले, नऊशे, अठराशे, एकोणीसशे! बाहेर माणसं जमली. एकाने काचेवर टकटक करून विचारलं की एकोणीसशे कोणत्या जिनिंगवर देऊन राह्यले, माझी कापसाची गाडी भरूनच उभी आहे. नानाजींनी ते फोनचे आकडे असल्याचं हसत सांगितल्यावर त्याचा चेहरा असा उतरला की मला आमच्या हसण्याची लाज वाटली.

रजतने तिथेच खोकं पाहिलं. ८५० आणि १९००, बस. म्हणाला, मावशीने विचारलं नसतं तर मी हाच आणला असता. खोकं अजून फोडलेलं नाही, दुकानदार बदलून देईल असं म्हणतो. चार आकडे आणि बिनकुलपाचा, हे मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तो आला की नानाजी स्वतः फोन घेऊन फुलसावंगीला येतील.

अपेक्षाला सांग, तोवर बाळाला थांबायला सांग. लोभात खाडा नको.

वच्छला

*

पुसद, ता. ५ डिसेंबर

चि. सौ. वच्छला हिस अ. उ. आ.

काल फोनवर तू रडत होतीस, मी रडत होते, मधे नानाजी मुलगी का मुलगा म्हणून ओरडत होते. कोणाला काही समजलं असेल असं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मुलगी. पावणेतीन किलो. रंग अपेक्षाचा, नाक आपल्या आईचं.

नानाजी २९ तारखेला फोन ठेवून गेले. ते गेल्यावर सिम घालून मी पडद्याकडे पाहत बसले. आधी काहीच नाही. मग अपेक्षा म्हणाली की आई, वर जाऊन पाहा. स्लॅबवर पाय ठेवला आणि कंपनीचं नाव उमटलं, चार काड्या! मी तिथूनच अशी आरोळी दिली की वेचणीच्या बाया वावरात उभ्या राहिल्या.

काल सकाळी अकराला कळा सुरू झाल्या. हे वावरात, घरात आम्ही दोघीच. पदर खोचून स्लॅबवर गेले. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं. तिसऱ्यांदा अब्रारचा आवाज आला. मी फक्त काकू बोलतेय एवढंच म्हणाले. तो म्हणाला, समजलं, निघालो. चहा अर्धा टाकून आला होता, ओठांवर साय तशीच.

दवाखान्यात पोचलो तर नर्सबाई माझ्यावरच उखडल्या. एवढ्या लवकर काहून आणलं, अजून सहा-सात तास आहेत, रिकामी खाट अडवून बसता, तुम्हा लोकांना दम म्हणून नाही. मी हात जोडून ऐकत होते. आयुष्यात खूप बोलणी खाल्ली, वच्छे, पण इतकी गोड कधीच नाही. त्या थांबल्या तेव्हा मला वाटलं, बाईंनी अजून थोडं रागवावं.

बाळाच्या मावसआजीवरची माया आता दुपटीने धरावी लागणार.

तुझी,
विमलताई