फाटक उघडणारी

बाबा, तुमचा आवाज आता मला नीट आठवत नाही, पण तुमची स्कूटर आठवते. पिपलानीच्या कारखान्याच्या वसाहतीत आपल्या क्वार्टरकडे वळताना तुम्ही वेग कमी करायचात की तसेच दामटायचात, स्टँडवर चढवताना नुसता पाय लावायचात की लाथ घालायचात, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही. आज लिहितेय तेही उमाळा आला म्हणून नव्हे. ऑफिसात माझ्या एका गुणाचं जाहीर कौतुक झालं, आणि तो गुण घडवणारे तुम्ही. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं.

आमची कंपनी शेतीचे पंप बनवते, मी तिथे खरेदी विभागात आहे, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. आमच्या मालकांना, म्हणजे सरांना, कुणीतरी सांगितलं की हल्ली मोठ्या कंपन्यांत प्रत्येकाचा स्वभाव आणि त्याची ताकद ओळखून काम देतात. झालं! एका हॉटेलातला हॉल घेतला आणि शनिवारी आम्हा सगळ्यांना दिवसभर तिथे कोंबलं. ट्रेनर बाहेरून आणलेला, कोटातला, दात दाखवणारा. त्याने आधी प्रश्नांची उत्तरं भरून घेतली. माणसांत रमता की एकटं बरं वाटतं, राग आला तर बोलून दाखवता का, समोरचा नाराज असेल तर चटकन कळतं का. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे विचारायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, काय धंदा आहे बघा. मग प्रत्येकाच्या छातीवर रंगीत बिल्ला. लाल म्हणजे पुढारी, पिवळा म्हणजे बोलका, हिरवा म्हणजे हिशेबी, निळा म्हणजे समजूतदार. आमच्या डिस्पॅचच्या माणसाच्या तोंडून दिवसभरात दहा शब्द निघत नाहीत, त्याला पिवळा मिळाला. बिचारा जेवणाच्या सुट्टीत दाल-बाफले खाताना बिल्ल्यावर हात ठेवून बसला होता. सरांना अर्थातच लाल. दुसरा दिला असता तर ट्रेनरला परतीचं तिकीट कुणी दिलं असतं?

मला निळा. आणि वर त्या ट्रेनरने मला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाला, "मॅडम चेहरा पढ़ लेती हैं. ये सिखाने से नहीं आता, ये तो भगवान की देन है." टाळ्या पडल्या. मला हसू आवरेना. देव कसला, फोरमन होता तो, बाबा.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच सर उठले आणि त्यांनी माझ्यासाठी एक नवीन पद जाहीर केलं. त्यांच्या केबिनबाहेर काचेची खोली, पगारात वाढ, आणि काम एकच. सरांकडे जाणारा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक कागद आधी माझ्याकडून जाईल, कधी आत सोडायचं ते मी ठरवायचं. सोमवारी उत्तर दे म्हणाले. निवृत्तीपर्यंतची माझी उरलेली वर्षं त्यांच्या दाराशी जाणार होती, आणि हॉलमधले सगळे माझ्यापेक्षा खूश दिसत होते. असणारच. सर चिडके आहेत. फाइल फेकतात, बोलता बोलता माणसाच्या बापापर्यंत जातात. म्हणून कित्येक वर्षं स्टाफ आधी मला काहीतरी फुटकळ कागद देऊन आत पाठवतो. मी बाहेर येते. काहीच न बोलता जागेवर बसले तर त्या दिवशी कुणी आत फिरकत नाही. पण मी शिपायाला म्हटलं की सरांना चहा दे, की सगळे आपापल्या फायली काढतात. हे आमच्यात कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला आठवतही नाही. शनिवारी तो निळा बिल्ला लावून कोलार रोडच्या बसमध्ये बसले होते, तेव्हा एकदम लक्षात आलं. चहासुद्धा तोच होता, बाबा.

मी नऊ-दहा वर्षांची आहे. संध्याकाळी तुमच्या स्कूटरचा आवाज आला की आई मला फाटक उघडायला पिटाळते. मी कडी काढते, तुमच्या हातातला डबा घेते आणि तुमच्याकडे बघते. कपाळ, जबडा, हेल्मेट कसं काढता ते. मग आत तोंड करून ओरडते. नुसतं "बाबा आले" म्हटलं तर आई रेडिओ बंद करते, आमटीचं मीठ पुन्हा चाखते, धाकटा मागच्या अंगणात पसार होतो. आणि "बाबा आले, चहा ठेव" म्हटलं तर घर श्वास सोडतं. आईची युक्ती होती ही. तिला वाटायचं, तुम्हाला काही कळत नाही.

मग तो दिवस. तुम्ही शीळ घालत आलात. स्कूटर हळूच लावलीत, माझ्या डोक्यावर टपली मारलीत. मी आनंदाने ओरडले, चहा ठेव. धाकट्याचे सहामाहीत गणितात बारा मार्क आले होते आणि तो कागद सहीसाठी आठवडाभर दप्तरात कुजत होता. बिचाऱ्याने तो तुमच्यासमोर धरला. तुम्ही कप उचललात आणि भिरकावलात. कप भिंतीवर फुटला, चहा त्याच्या हातावर गेला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली गेली. तो आता नागपूरला असतो, मुलंबाळं आहेत त्याला, आणि ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो. त्या संध्याकाळी त्याच्या हातावर गार पाणी ओतताना आईने तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला साधं बघता येत नाही का गं?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही खव्याची गोड मावाबाटी घेऊन आलात. दिलदार माणूस ना तुम्ही! सगळ्यांना एकेक वाटलीत, बँडेज बांधलेल्याला दोन. आणि खाता खाता हसत म्हणालात, "शीळ मुद्दाम घातली होती. म्हटलं, बघू आमच्या पहारेकरणीला कळतंय का." म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. घरातली तीन माणसं तुमच्या कपाळावरच्या आठ्यांवर जगतात हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला त्याची गंमत वाटत होती. आईसुद्धा हसली. मी बाटी गिळली आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी नीट बघायला लागले. ट्रेनरला सांगायला हवं होतं, शिकवून येतं म्हणावं, चांगलं येतं, फक्त मास्तर तसा पाहिजे.

आणि बाहेर तुमची काय वाहवा! गणेशोत्सवात मंडळाच्या नाटकात तुम्ही विनोदी काम करायचात आणि सगळं पिपलानी पोट धरून हसायचं. मीही हसायची, पहिल्या रांगेत बसून, आणि मनात हिशेब चालू असायचा की घरी जाईपर्यंत हा चेहरा टिकेल की नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या हाताखालची माणसं दारात उभी राहून सांगत होती की साहेब देवमाणूस होते. असतील. घरी आणायला उरत नव्हता तो देव, एवढंच.

तर आज सोमवार. मी सकाळीच सरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडताच कळलं की आजचा दिवस वाईट आहे. पेनाचं टोपण टेबलावर आपटत होते, मान डावीकडे. एरवी मी काहीतरी निमित्त काढून आल्या पावली परतले असते. आज तशीच उभी राहिले आणि सांगितलं की ते पद मला नको, माझी खरेदी बरी. सर भडकले. मला मोठं करायला निघाले होते, मी करंटी निघाले, ट्रेनरवर एवढा खर्च झाला, वगैरे वगैरे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, टेबलावरच्या पंपाच्या छोट्या मॉडेलकडे बघत राहिले. भलतंच अवघड असतं हो ते. शेवटी त्यांनी विचारलं, "तो फिर लोग मेरे पास आएँगे कैसे?"

"दरवाज़े से, सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

बाहेर सगळे माझ्याकडे टक लावून. मी जागेवर बसले नाही, चहाचंही बोलले नाही, सरळ पाणी प्यायला गेले. कुणाला काही उमगेना. डिस्पॅचच्या माणसाचा ट्रक भरून उभा होता, चलानवर सही हवी होती. त्याने मला हळूच विचारलं, मी म्हटलं, मला काय माहीत, जा आणि बघ. तो गेला. आतून सरांचा आवाज चढला, तो चढतच गेला, आणि मग मध्येच त्या मुखदुर्बळ माणसाचा आवाज ऐकू आला, अगदी साधा, बसमध्ये जागा विचारावी तसा. "सर, आप पहले चिल्ला लीजिए. मैं बाहर बैठता हूँ, बाद में आ जाऊँगा." आणि तो खरंच बाहेर येऊन बाकावर बसला. थोड्या वेळाने सरांनी त्याला आत बोलावलं आणि गुपचूप सही दिली. संपलं. एवढंच होतं ते.

एवढंच होतं, बाबा! आणि हे वाक्य तुम्हाला जन्मात कुणी ऐकवलं नाही. का, तर मी फाटकावर होते. मला वाटायचं, मी आईला आणि धाकट्याला वाचवतेय. वाचत होतात तुम्ही. समोर कुणी नको त्या वेळी येतच नव्हतं, मग तुम्हाला थांबवणार कोण? तुमचा राग मी इतका बिनबोभाट सांभाळला की तो तुमचा हक्कच होऊन बसला. आणि तुमच्यामागून सरांचाही सांभाळला, पगार घेऊन. याला म्हणे ताकद. तुमच्यासारख्यांना दाराशी एक मुलगी लागते, नाहीतर तुम्ही एक दिवस टिकत नाही. फुसके आहात सगळे.

आता पत्र इथेच थांबवते. तुमचा पत्ता नाही आणि आईच्या हाती हे लागायला नको, म्हणून फाडून टाकणार आहे. तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. तो माणूस बाकावर जाऊन बसला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मत्सर वाटला. आयुष्यभर जे कौशल्य कमावलं त्याची गरजच नव्हती, हे मला बघवलं नाही. तो निळा बिल्लाही मी फेकलेला नाही, पर्समध्ये आहे.

आणि अजून एक. आई आता माझ्याकडेच असते, ऐंशीच्या पुढे गेली आहे. तिला फार कमी ऐकू येतं, पण संध्याकाळी गल्लीत कुणाची स्कूटर थांबली की ती तिला ऐकू येते. हातातलं काम टाकते, भिंतीला धरून उभी राहते आणि मला विचारते, "काय गं?" शेजारच्यांची आहे, हे मी पूर्वी सांगून पाहिलं, तिचं समाधान होत नाही. ती तशीच उभी राहते. आत्ताही उभी आहे. लिहिता लिहिता मी आत तोंड करून ओरडले, "चहा ठेव."