मधलं नाव

आबा,

गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधली एक बाई मोबाईल घेऊन माझ्या दाराशी उभी राहिली. तिचा मुलगा जेलमध्ये आहे. कशासाठी ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बदलापूरला येऊन मला पंधरा वर्षं झाली, आणि इथेही कुणाला फॉर्म भरायचा असला की लोक माझंच दार वाजवतात. ही खोड तुमचीच, दुसऱ्या कुणाची असणार! हल्ली जेलमधल्या माणसाला भेटायचं तर फोनवरच अर्ज करता येतो. कैद्याचं नाव, वय, भेटणाऱ्याचं नाव, नातं. मी भराभर भरत गेले आणि एका रकान्यापाशी थांबले. वडिलांचं नाव. ती बाई म्हणाली, "त्याचं नको ना ताई. तो कधीच सोडून गेला आम्हाला. माझं टाका." मी तिला म्हटलं, "आपल्याला काय वाटतं ते लिहून चालत नाही. तुमच्या मुलाने आत जाताना काय सांगितलं असेल, ते लिहायचं." एवढं बोलले आणि माझाच आवाज मला तुमच्यासारखा वाटला. फॉर्म भरून झाला, ती गेली, आणि मी ओट्यापाशी तशीच बसून राहिले.

तुम्हाला पत्र लिहायची सवय नाही मला. आपण एकाच घरात राहायचो, पत्र कशाला लिहिणार? अंबरनाथ पश्चिमेच्या त्या दोन खोल्या, दर्शनी भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली तुमची खुर्ची, आणि खुर्चीच्या हातावर ती लाकडी फूटपट्टी. शाळेत क्लार्क होतात तुम्ही, पण आपल्या आळीत तुमचा मान हेडमास्तरांपेक्षा जास्त. कारण सगळ्यांचे दाखले तुमच्या हातात. सुट्टीत मला शाळेच्या ऑफिसात न्यायचात. फॅन कुरकुरतोय, टेबलावर जाडजूड जनरल रजिस्टर उघडं आहे, तुम्ही एका नावाखाली फूटपट्टी धरून मला म्हणताय, "आधी आडनाव बघू नकोस. एका आडनावाची चाळीस पोरं असतात. एका नावाचीही दहा असतात. बापाचं नाव बघ. माणूस मधल्या नावाने सापडतो." मी आठ-नऊ वर्षांची. मला ते जादूसारखं वाटायचं. तुम्ही म्हणायचात की आजोबांचं नाव गावच्या वहीत कुणी धड लिहिलंच नव्हतं, एकेरी, अर्धवट, तेही चुकीचं. म्हणून तुम्ही प्रत्येक पोराचं नाव तीनही शब्दांत, काना-मात्रा न चुकवता लिहायचात. एखादा बाप घाईत "लिहा हो काहीपण" म्हणाला तर त्याच्यावर असे उखडायचात की तो बिचारा दाखला न घेताच पळायचा.

आणि मग कधी बापाच्या नावानेही पोर सापडलं नाही, तर? हेही मी विचारलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, "मग दाखल तारखेने शोधायचं. नाव चुकेल, जन्मतारीख तर आपल्यात निम्म्यांची अंदाजानेच असते. पण पोरगं आलं त्या दिवशी आलंच ना? त्या दिवशीचं पान उघडायचं आणि एकेक ओळ खाली यायचं." हे पुढे कुठे उपयोगी पडणार होतं, ते तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

आपला धाकटा, माझा भाऊ, तेव्हा बावीसचा होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि स्वयंपाकघर तुमच्या हातात आलं होतं. तुमच्या पोळ्यांना कुठलाच आकार नसायचा. धाकटा एकेक उचलून म्हणायचा, "ही श्रीलंका, ही गुजरात." पण सुकटीची चटणी मात्र तुम्ही आईपेक्षा चांगली करायचात, हे आज कबूल करते. तो उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होता. सिंधी शेठ, हिंदी कारागीर, त्यामुळे घरी आला की अर्ध्याहून अधिक हिंदीच बोलायचा. त्या रविवारी तुम्ही तव्यावर सुकट परतत होता आणि बाहेर मोटरसायकल थांबली. तुम्ही खिडकीतून बघितलंत.

"कोणाची गाडी ही?"

"दोस्ताची आहे आबा. चार दिवस चालव बोलला."

"कागद बघितलेस?"

"कागद, कागद! तुम्ही ना आबा, पाणी प्यायला दिलं तरी ग्लासाचे कागद मागाल. टेन्शन मत लो यार."

ते 'यार' तुम्हाला झोंबलं. उलथणं हातात तसंच धरून तुम्ही वळलात. "तुझा दोस्त काय लायकीचा आहे मला ठाऊक आहे. उद्या काही झालं तर माझं नाव लावू नकोस. सांगून ठेवतो." धाकटा हसायचा थांबला. जेवला नाही. गाडी घेऊन गेला. मी म्हटलं, आबा, असं बोलतात का पोराला? तुम्ही म्हणालात, "बोलायचं तेच बोललो." सुकट त्या दिवशी खाली लागली होती आणि आपण दोघांनी ती तशीच खाल्ली.

गाडी चोरीची निघाली. ऑर्डर असली की धाकटा दोन-दोन दिवस कारखान्यातच झोपायचा, त्यामुळे तो आला नाही तरी आपल्याला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्यातला एक माणूस धाकट्याचं आणि त्या दोस्ताचं सांगायला आला, "दोनों को उठाया है पुलिसने." आपण चौकीवर गेलो तेव्हा कळलं की त्यांना आदल्या दिवशीच कोर्टात उभं करून जेलला पाठवलंय. "जेलवर विचारा," एवढंच ते म्हणाले. आपण विठ्ठलवाडीला बस बदलून कल्याणच्या जेलवर गेलो. भिंतीला लागून बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात पिशवी. तुमच्या पिशवीत दोन बनियन, टॉवेल, साबण आणि शाळेतला शाईचा पेन. खिडकीतल्या साहेबांना तुम्ही नाव सांगितलंत, तीनही शब्द, जसे तुम्ही रजिस्टरमध्ये लिहायचात तसे, सावकाश. त्यांनी बोट फिरवलं. "या नावाचा कोणी नाही. ठाण्याला बघा."

दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेलो. तिथेही नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला म्हणालात शाळेत जातो, आणि गेलात उल्हासनगरच्या दवाखान्यात, कोठडीत मार लागून तिथे टाकलं असेल या धास्तीने अपघाताच्या वॉर्डात पोरगं शोधायला. हे मला तुमच्या शर्टाच्या खिशातल्या केसपेपर खिडकीच्या चिठ्ठीवरून कळलं. आबा, तुम्ही त्या दिवशी घरी येऊन वरण-भात लावलात आणि मीठ घालायला विसरलात. मी वरून मीठ घेतलं.

चौथ्या दिवशी परत कल्याण. खिडकीत तेच साहेब. तुम्ही नाव सांगितलं नाहीत. चष्मा पुसलात आणि म्हणालात, "साहेब, मी पण रजिस्टरचाच माणूस आहे. तीस वर्षं केलंय. नावाने नका बघू. कोर्टातून आणले त्या दिवशीचं पान काढा. वय बावीस, पत्ता अंबरनाथ. एकेक ओळ खाली या." ते वैतागले, पण 'मी पण रजिस्टरचाच' हे त्यांना कुठेतरी लागलं असावं. त्यांनी पान काढलं. बोट खाली येत गेलं आणि थांबलं. "हा असेल. पण मधे..." त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं. "मधे बाईचं नाव दिसतंय. लिहिणाऱ्याने घोळ केला वाटतं." त्यांनी वाचून दाखवलं. त्याचं नाव, आईचं नाव, आपलं आडनाव.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "नाही साहेब. घोळ नाही. बरोबर लिहिलंय."

मग भेटीचा अर्ज. त्यांनी ओळखपत्र मागितलं, तुम्ही दिलंत, त्यांनी रजिस्टरशी ताडून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण लागता त्याचे?" तुम्ही म्हणालात वडील. ते म्हणाले, "पण काका, इथे तुमचं नाव कुठाय? काही पुरावा?" ते उद्धट नव्हते, नियमाने बोलत होते. हजार पोरांना बापाचं नाव लिहून देणारा माणूस तिथे उभा होता आणि स्वतःच्या पोराचा बाप असल्याचा कागद त्याच्यापाशी नव्हता. मी पिशवीतून रेशनकार्ड काढलं. त्यावर आईचं नाव होतं. दोन वर्षं झाली तरी ते कमी करायला तुम्ही गेला नव्हतात. मी आठवण करून दिली की म्हणायचात, "शाळेतून वेळ मिळत नाही गं." रेशनिंग ऑफिस शाळेच्या वाटेवर होतं, आबा. त्या न खोडलेल्या नावाने आपली सोय झाली. साहेब म्हणाले, आई जुळतेय, जा दोघंही. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तू जा. मी इथे थांबतो. माझं नाव नाही ना त्याच्यात."

आत जाळी होती. अलीकडे आम्ही भेटायला आलेले, पलीकडे ते, आणि सगळे एकदमच ओरडतात, त्यामुळे कुणाचंच धड ऐकू येत नाही. धाकट्याने आधी विचारलं, "आबा कुठायत?" मी म्हटलं, बाहेर. मग मी भडकलेच. "चार दिवस आम्ही वेड्यासारखे फिरतोय. आईचं नाव का सांगितलंस? आबा बोलले ते एवढं धरून बसलास?" त्याने जाळीला तोंड लावलं. "पागल आहेस का ताई? ते रागात बोलले, माहितीये मला. अगं, सहा महिन्यांत रिटायर होतायत. माझ्या नावापुढे त्यांचं नाव चढलं असतं, कोणी शाळेत चौकशीला गेलं असतं तर? आई तर गेली. तिला कोण काय विचारणार?" मग म्हणाला, "त्यांना बोलू नको हां. रडतील."

मी बाहेर आले तेव्हा तुम्ही भिंतीपाशी एका म्हातारीचा अर्ज भरून देत होता. मला बघून विचारलंत, "जेवला का?" मी म्हटलं, हो. "आणखी काही म्हणाला?" मी म्हटलं, नाही.

महिन्याभराने तो जामिनावर सुटला. पुढे केसमधूनही सुटला, गाडी चोरीची आहे हे त्याला माहीत नव्हतं असंच ठरलं. घरात कुणी तो विषय काढला नाही. तुम्ही त्याला ओरडायचं सोडून दिलंत, याचंच मला सगळ्यात वाईट वाटायचं. तो पोळ्यांचे नकाशे करायचा आणि तुम्ही पाहुण्यासारखं हसायचात. मग त्याला बदलापूरच्या कंपनीत नोकरी लागायची होती. फॉर्म अर्थात तुम्हीच भरायला घेतलात. आजही दिसतंय मला. तुम्ही खुर्चीत बसला आहात, मांडीवर पाट, फूटपट्टी लावून तुम्ही त्याचं नाव लिहिता, मग बोटभर जागा सोडून आडनाव लिहिता. पेन त्याच्याकडे देता. "मधलं तू लिही." तो म्हणतो, "का? आता ते पण विसरलात काय?" आणि हसत हसत तुमचं नाव लिहितो. तुम्ही कागद हातात घेऊन किती वेळ बघत बसलात. मग म्हणालात, "अक्षर सुधारलंय तुझं." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एक वाक्य सांगायचं होतं मला. मी चहाला आधण ठेवलं.

त्यानंतर पाच महिन्यांनी तुम्ही गेलात. तुमच्या बोलण्यामुळे पोराने तुम्हाला नावातून काढून टाकलं, हेच मनात घेऊन गेलात.

सगळे म्हणतील, धाकट्याने गप्प राहायला सांगितलं होतं, मी शब्द पाळला. मीही वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगत आले. पण ते खरं नाही. मी रागावले होते तुमच्यावर. त्या जळक्या सुकटीच्या दिवसापासून. मला वाटायचं, लागू दे थोडं आबांना, बोलताना कळत नाही का त्यांना? सांगेन सावकाश. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं आहेत असंच मी धरून चालले होते. आबा, त्याने तुमचं नाव टाकलं नव्हतं. जपून ठेवलं होतं. तुम्ही बाहेर भिंतीपाशी उभे होतात तेव्हाच मला ते माहीत होतं.

त्या बाईला काल भेटीची वेळ मिळाली. शेवटी तिच्या नवऱ्याचंच नाव लिहिलं होतं, आणि तेच बरोबर निघालं. ती थोडी रडली, मग मला अर्धा डझन केळी देऊन गेली.

हे पत्र मी आपल्या जुन्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवणार आहे. त्यावर आईचं नाव अजून आहे आणि तुमचंही. धाकटा विचारतो, ताई, कमी करून आलीस का? मी त्याला सांगते, वेळ मिळत नाही रे. ऑफिस माझ्याही वाटेवरच आहे.